चौकडा फोटोवर नाही, धाग्यावर ओळखा

मागच्या आठवड्यात युनिफॉर्मच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला: "सर, चेक्सचं कापड मॅच कसं करायचं?" व्हिडिओत घाईघाईत उत्तर दिलं होतं. इथे सविस्तर सांगतो, आणि त्याबरोबर माझं एक ठाम मत पण मांडतो.

मत असं: चेक्स ओळखता येत नसेल तर शाळेच्या गणवेशाच्या धंद्यात पडू नका. हे कडक वाटेल. पण ही शिकवणी मी स्वतः एकवीस हजार रुपये फी भरून घेतली आहे.

दुकान नवीन होतं. जवळच्या एका शाळेची १४० स्कर्टची ऑर्डर मिळाली. निळा-हिरवा चौकडा, मधून पांढरी रेघ. मी जुन्या स्कर्टचा मोबाईलवर फोटो काढला, सोलापूरच्या व्यापाऱ्याला पाठवला आणि फोनवर सांगितलं, "हाच माल, १७५ मीटर." माल आला, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघितला, एकदम सेम वाटला. शिवून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशी एक ताई दुकानात आल्या. शेतमजुरी करणाऱ्या, उसनवारी करून कपडे घेतलेले. म्हणाल्या, "दादा, प्रार्थनेला पोरगी रांगेत वेगळीच दिसती. बाई तिला मागं उभी करत्यात." मी जुना आणि नवा स्कर्ट उन्हात शेजारी धरला. हिरवा फिका होता, आणि पांढरी रेघ जाड होती. शाळेने सगळा माल परत केला. कापड आणि शिलाई मिळून ३५,३५० रुपये गुंतले होते. आठवडी बाजारात सुटे स्कर्ट विकून १४,००० सुटले. बाकीचं तुम्हीच मोजा.

व्यापाऱ्याची चूक नव्हती. मी "निळा-हिरवा चेक्स" मागितला, त्याने तोच दिला. मी नमुना मागितलाच नव्हता.

नमुना वेगळा, शेड वेगळी

हे नीट समजायला स्कॉटलंडमध्ये जाऊ. तिथले पुरुष किल्ट नावाचा प्लेटवाला घागरा घालतात, त्याच्या चौकड्याला टार्टन म्हणतात. आपल्या शाळांचे बरेच चेक्स याच घराण्यातले. टार्टनची ओळख रंगापेक्षा धाग्यांच्या हिशोबावर चालते. कोणत्या रंगाचे किती धागे, कोणत्या क्रमाने, हा हिशोब म्हणजे नमुना. बहुतेक टार्टनमध्ये ताण्याचा हिशोब आणि बाण्याचा हिशोब एकच असतो.

उदाहरण घ्या: निळे २४, हिरवे २०, पांढरे ४, मग परत हिरवे २०. झाले ६८ धागे, पुढे पुन्हा निळ्यापासून सुरू. पांढऱ्याचे ४ ऐवजी ६ केले की नमुना बदलला, रंग तेच असले तरी.

आता उलटं बघा. तोच हिशोब ठेवून तिकडे वेगवेगळ्या शेडमध्ये कापड विणतात. गडद रंगांना 'मॉडर्न' म्हणतात. जुन्या वनस्पती रंगांची आठवण देणाऱ्या फिक्या रंगांना 'एन्शंट' म्हणतात. ऊन-पाऊस खाल्ल्यासारख्या, तपकिरी-राखाडीकडे झुकलेल्या रंगांना 'वेदर्ड'. दिसायला तिन्ही कापडं वेगळी, पण टार्टन एकच. किल्टवाल्याला हे चालतं. आपल्या शाळेला चालत नाही. म्हणून आपल्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: नमुना तोच आहे का? आणि शेड तीच आहे का? माझ्या मालात दोन्हीची उत्तरं 'नाही' अशी होती, आणि मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

तपासायचं कसं

१. कापड उलटं करा. विणलेला चेक्स दोन्ही बाजूंनी सारखाच उठतो. छापील चेक्स मागून फिका दिसतो. खात्री नसेल तर कडेचा एक धागा ओढा. रंगीत सुताचा धागा त्याच्या पूर्ण लांबीत एकाच रंगाचा निघेल.

२. भिंग आणि टाचणी घ्या, एका पूर्ण चौकड्याचे धागे मोजून कागदावर लिहा. पट्टीने चौकड्याची उंची-रुंदी पण मोजा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

३. जिथे दोन रंगांचे धागे एकमेकांवरून जातात तिथे तिसरी छटा दिसते. तीन रंगांच्या सुतातून डोळ्याला सहा छटा दिसतात, चार रंगांतून दहा. त्या मधल्या छटेला वेगळा रंग समजून ऑर्डरमध्ये लिहू नका.

४. शेड कायम दिवसाच्या उजेडात बघा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांचं कापड दिव्याखाली जुळतं आणि उन्हात फुटतं. नमुना जुना असेल तर शिवणीच्या आतला भाग बघा, तिथे मूळ रंग शाबूत असतो.

५. फोटोवर ऑर्डर नाही. कापडाचा तुकडा पाठवा, सॅम्पल मागवा, एकाच लॉटचे तागे घ्या, आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या.

६. प्लेट घालण्याआधी चौकड्याचं माप बघा. प्रत्येक प्लेटवर तीच रेघ आणायची तर कापड जास्त लागतं. भाव सांगताना हे धरलं नाही तर मार्जिन प्लेटमध्येच जातं.

"गिऱ्हाईक एवढं बघत नाही"

असं सांगणारे पुष्कळ भेटतील. सुट्या शर्टाचं गिऱ्हाईक नसेल बघत. पण गणवेशात 'सारखं दिसणं' हाच तर माल आहे. आणि आपल्याकडची माणसं कापड ओळखत नाहीत, हा तर मोठाच गैरसमज. धाराशिव, तुळजापूर, उमरगा पट्ट्यातल्या आपल्या आज्या इरकलीचा पदर उलटा करून अंगाला जोड कसा दिलाय ते बघायच्या, मग भाव करायच्या. बघणारी नजर गिऱ्हाइकाकडे आहे. दुकानदाराकडे ती कमी असेल तर फजिती दुकानदाराचीच.

बॅनॉकबर्न गावच्या विल्सन नावाच्या विणकर कंपनीने १८१९ मध्ये आपल्या टार्टनचे धागे मोजून वही तयार केली. तीनच वर्षांनी राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला आणि टार्टनला जोरदार मागणी आली. हिशोब लिहिलेला होता, म्हणून तोच नमुना पुन्हा पुन्हा विणता येत होता. अभ्यासक आजही ती वही उघडतात. २००९ पासून तर स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवहीच आहे.

आपली वही शंभर रुपयांत होते. प्रत्येक शाळेला एक पान: कापडाचा तुकडा चिकटवलेला, धाग्यांचा हिशोब, चौकड्याचं माप, लॉट नंबर, तारीख. माझ्या वहीचं पहिलं पान त्या फसलेल्या स्कर्टचं आहे. एक सावधगिरी: नोंद करा, पण दुसऱ्याचा ब्रँड उचलू नका. बर्बेरीचा तो बदामी चेक ट्रेडमार्क आहे, तसा माल "चालतोय" म्हणून भरू नका.

त्या ताईंना मी दुसरा स्कर्ट शिवून दिला, पैसे न घेता. पण त्या पोरीचे रांगेत मागे उभं राहिलेले दिवस मला परत देता आले नाहीत. आपण विकतो त्या मालात कुणाची तरी इभ्रत असते. ती पंधरा मिनिटं मोजण्यात घालवायला काय हरकत आहे?

आजच दुकानातला एक चेक्सचा तागा काढा, धागे मोजा आणि हिशोब कमेंटमध्ये लिहा. चुकला तर दुरुस्त करून देतो.