पावलं पाठ, तरी ताल का चुकतो? समजून घ्या रुंबा आणि चा-चा-चाची मोजणी

लग्नातलं संगीत असो की शाळेचं गॅदरिंग, तुमसरसारख्या गावात लॅटिन नृत्य शिकायचं तर बहुतेकांचा गुरू एकच असतो, मोबाइल. व्हिडिओ पाहून पावलं चार दिवसांत पाठ होतात. गाणं लागलं की मात्र जोडी दोन ओळींतच पुढे निघून जाते आणि शेरा मिळतो, 'तुला तालच नाही.'

हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. गडबड पायांत नसते, मोजणीत असते.

पावलं मोजायची की मात्रा?

बॉलरूम स्पर्धांच्या लॅटिन विभागात पाच नृत्यं असतात: सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. प्रत्येकाची लय ठरलेली असते. रुंबाचं संगीत चार-चार मात्रांच्या आवर्तनांत चालतं आणि स्पर्धेत मिनिटाला 25 ते 27 आवर्तनं होतात. म्हणजे मिनिटाला साधारण 100 ते 108 मात्रा.

मूळ घोळ इथेच होतो. रुंबाच्या मूळ चालीत मात्रा चार, पण पावलं तीनच. पहिलं पाऊल दुसऱ्या मात्रेवर, दुसरं तिसऱ्या मात्रेवर आणि तिसरं चौथ्या मात्रेवर पडतं. हे तिसरं पाऊल पुढच्या 'एक'पर्यंत टिकतं. त्या 'एक'वर नवं पाऊल नसतं. शरीराचं वजन पायावर स्थिरावतं आणि कंबर वळते. म्हणून मोजणी होते 'दोन, तीन, चार-एक'.

नवशिका मात्र पावलं मोजतो, 'एक, दोन, तीन, एक, दोन, तीन'. चार आवर्तनांत 16 मात्रा असतात आणि पावलं 12. सलग मोजणाऱ्याची 12 पावलं बाराव्या मात्रेलाच संपतात. चार मात्रा उरतात आणि जोडी गाण्याच्या पुढे पळते.

'एक' रिकामा नाही

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायला नको. सात मात्रांच्या रूपक तालात समेवरच खाली येते. तिथे टाळी नसते, हात बाजूला जातो. तरीही सम हरवत नाही, कारण ती मनात मोजलेली असते. रुंबातला 'एक' काहीसा तसाच. पाऊल नाही म्हणून तो वगळला की पुढचं सगळं सरकतं.

चा-चा-चामध्ये काय बदलतं?

1950च्या दशकाच्या सुरुवातीला क्युबातल्या हवाना शहरात व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन यांनी हा संगीतप्रकार घडवला. यातही मात्रा चारच, पण पावलं पाच. मोजणी अशी: 'दोन, तीन, चार-आणि-एक'. दोन आणि तीनवर प्रत्येकी एक पूर्ण मात्रा, 'चार' आणि 'आणि' यांना अर्धी-अर्धी, मग 'एक'ला पुन्हा पूर्ण.

'आणि' हा दोन अक्षरी शब्द अर्ध्या मात्रेत घाईने बसवावा लागतो. त्यापेक्षा 'दोन, तीन, चा-चा-चा' असं म्हणणं सोपं जातं.

सांबा त्याहून नाजूक. त्याच्या मूळ उसळीत दोन मात्रांत तीन पावलं येतात: पहिलं पाऊण मात्रेचं, दुसरं पाव मात्रेचं आणि तिसरं पूर्ण मात्रेचं. तिन्ही सारख्या अंतराने टाकली तर पावलं बरोबर असूनही सांबा दिसत नाही.

मोबाइलही फसवतो

चा-चा-चाची लय मिनिटाला 120 मात्रा धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि तिच्यातला 'आणि' पाव सेकंदाचा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज अनेकदा एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. काही ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून हा फरक भरून काढतात, सगळीच नाही. अशा वेळी चित्र पाहून पाऊल टाकणारा कानाच्या आधी असतो.

मैदानावरही हेच घडतं. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्पीकरपासून 34 मीटरवर उभ्या असलेल्या रांगेला ठेका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. मागच्या मुलांनी ऐकून नाचावं की पुढच्यांकडे पाहून, हे मास्तरांनी आधी ठरवायला हवं.

मग शिकायचं कसं?

आधी टाळी, मग जागेवर वजन बदलणं आणि शेवटी पाऊल. गाणं लावून दोन मिनिटं फक्त 'एक' शोधा. तो सापडल्यावर 'दोन'वर टाळी द्या. टाळी चुकत असेल तर पाय हलवण्यात अर्थ नाही.

नृत्य बसवणाऱ्यांचं 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' उपयोगी आहे, पण ती सुरुवातीची हाक आहे. आठ मात्रांपैकी शेवटच्या चार मोजून सगळ्यांना एकत्र 'एक'वर आणणं एवढंच तिचं काम. 'एक'नंतर कुठे पाऊल आहे आणि कुठे थांबायचं, हे ती सांगत नाही. बसवणाऱ्याने ते वेगळं शिकवलं नाही, तर हजारो रुपये देऊनही हातात फक्त पाठांतर येतं.

झाडीपट्टीला तालाची गरिबी कधीच नव्हती. भाऊबीजेनंतर मंडई भरते, दंडार रंगते. भजनात झांज धरणारं पोरही केरव्याच्या आठ मात्रांत कधी थांबायचं हे न शिकवता ओळखतं. लॅटिन ठेकाही मराठी कानाला नवा नाही. सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांनी 1951च्या 'अलबेला'तून तो घराघरांत पोहोचवला होता.

त्यामुळे एखादं मूल चा-चा-चामध्ये अडखळलं तर त्याला लगेच मागच्या रांगेत ढकलू नये. त्याच्या हातात आधी झांज द्यावी. हात तालात असेल तर पायही येतील, फक्त त्यांना योग्य आकडा सांगायला हवा.