निष्काम कर्म आणि थकलेलं बिल

गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीनं आम्हा सप्लायर लोकांना हॉटेलात बोलावलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं तर पुढची ऑर्डर जाईल. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, तीन जुनी लेथ, अकरा माणसं. यंदाच्या कार्यक्रमाचा विषय होता 'प्राचीन भारतीय ज्ञान आणि आधुनिक नेतृत्व'.

वक्ते चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. भारदस्त आवाज, पडद्यावर कुरुक्षेत्रातला रथ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर तासभर. कर्म आपल्या हातात, फळ नाही. शेवटी म्हणाले, सप्लायरनीही ही वृत्ती बाणवली तर नातं व्यवहाराच्या पलीकडे जातं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

जेवणाच्या रांगेत परचेसचे साहेब भेटले. म्हटलं, "साहेब, ते बिल. एकशे चाळीस दिवस झाले." ते हसून म्हणाले, "शेठ, आत्ताच काय ऐकलंत? फळाची अपेक्षा सोडा की जरा." आजूबाजूचे चार जण हसले. त्यातल्या तिघांची बिलं माझ्यासारखीच अडकलेली आहेत, हे मला माहीत आहे.

ते हसणं डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला जीएसटी भरायचाच, पैसे आलेले असोत नसोत. स्टीलवाला तीस दिवसांच्या वर थांबत नाही. नव्वद दिवसांपुढची येणी माझी बँक हिशोबातच धरत नाही, म्हणजे बिल जितकं जुनं तितकी माझी कॅश क्रेडिटची मर्यादा आक्रसते. कायदा माझ्या बाजूनं आहे. २००६चा एमएसएमई कायदा सांगतो, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत नाही आली, तर माल स्वीकारलाच असं धरायचं. प्रत्यक्षात काय होतं? माल गोडाऊनला पडून, कागदावर 'इन्स्पेक्शन बाकी'. लेखी काही नाही, सगळं फोनवर. तक्रारीला सरकारचं समाधान पोर्टल आहे. पण तिथं तक्रार केली की पुढच्या महिन्यापासून ड्रॉइंग येणं बंद.

तर माझं भांडण गीतेशी नाही. आमच्या घरात वडिलांच्या वेळचं 'गीतारहस्य' आहे. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, १९१५ साली छापून आलं. तो माणूस कर्मयोगावर एवढा ग्रंथ लिहितो तो लोकांनी उठून काम करावं, लढावं म्हणून. हक्काचे पैसे मागू नका असा त्याचा अर्थ काढायला प्रतिभा लागते. आणि गीता सांगितली कुणाला? हातात धनुष्य असलेल्या राजपुत्राला. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला सांगितलं की लोभानं वागू नकोस. ते उचलून, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला ऐकवायचं, ही चलाखी आहे. तिसऱ्या अध्यायात तर जो घेतो आणि परत देत नाही त्याला सरळ चोर म्हटलंय. संदर्भ यज्ञाचा आणि देवांचा आहे, मान्य. पण ती स्लाइड काही आली नाही.

दुसऱ्या सत्रात चाणक्य आले. ते हल्ली येतातच. साम, दाम, दंड, भेद, स्पर्धक ओळखा, गुप्तता पाळा. मोबाईलवर फिरणाऱ्या चाणक्याच्या वाक्यांपैकी किती त्याची असतात देव जाणे. मूळ अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती १९०५ साली लागली, १९०९ला छापली गेली. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठानं र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ती तीन भागांत काढली. म्हणजे पुस्तक उपलब्ध आहे. भाषणं देणाऱ्यांनी उघडायला हरकत नव्हती. मी उघडलं. संस्कृत मला शाळेपुरतंच येतं, भाषांतरावर भागवलं.

दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाचं प्रकरण आहे. सरकारी सूतकताईचा प्रमुख. विधवा, अपंग बायका, म्हाताऱ्या, यांच्याकडून सूत कातून घ्यायचं, आणि मजुरी सुताचा बारीक-जाडपणा पाहून ठरवायची. सणाच्या दिवशी काम करून घेतलं तर वेगळं काही द्यायचं. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासीकरवी घरी काम पोचवायचं. पहाटे स्वतः सूत घेऊन कुणी आली तर दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाखेरीज बोलला तर दंड. आणि मजुरी द्यायला उशीर केला, तर त्याहून मोठा, मध्यम साहसदंड. म्हणजे दोनशे ते पाचशे पण. याच पुस्तकात सगळ्यात खालच्या नोकराचं वेतन साठ पण आहे. बघा आता, उशिराची किंमत काय लावलीय. तिसऱ्या अधिकरणात वेतन न देणाऱ्याला वेगळा दंड, आणि देणं लागतो हेच नाकारणाऱ्याला त्याहून जास्त.

कौटिल्य काही संत नव्हता. त्याच सूतकताईच्या प्रकरणात मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईच्या अंगठ्यालाही शिक्षा आहे. वर्णाप्रमाणे कमीजास्त दंड आहेत, गुलाम आहेत, हेर तर पानोपानी. हे सगळं आज आणा असं म्हणणारा मूर्खच. म्हणून तर 'आपल्याकडे सगळं होतंच' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि न वाचता सगळंच भंगार म्हणणाऱ्यांशीही नाही. पण एवढं दिसतं की त्या माणसाला माहीत होतं, पैसे अडवतो तो वरचा. म्हणून दंड त्याला. खालच्याला प्रवचन देऊन प्रश्न सुटेल असं त्याला वाटलं नाही.

आमच्या कार्यक्रमांत याच्या बरोबर उलटं चालतं. त्याग खालच्यांनी, नीती वरच्यांनी. कामगाराला निष्काम कर्म, सप्लायरला संयम, मालकाला चाणक्य. वाटणी कशी सोयीची झालीय बघा. एकाही वक्त्यानं संचालकांपुढे उभं राहून, साहेब तुमच्याकडे किती जणांची देणी थकलीत, असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारणार कसा? त्याचं मानधन बहुतेक आगाऊ जमा होत असणार. त्याला फळाची अपेक्षा ठेवायची गरजच पडत नाही.

आता माझंही सांगतो, नाहीतर कुणी तरी कमेंटमध्ये विचारेलच. या वेळचा पगार मी सात तारखेऐवजी एकोणीसला केला. अकरा जणांपैकी कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त विचारलं, शेठ, मुलाची फी भरायची होती, थोडे आधी मिळतील का? मी त्याला म्हटलं, थांब जरा, वरून आले की देतो. म्हणजे त्या रांगेत माझ्याशी जे झालं तेच मी त्याच्याशी केलं, फक्त श्लोक तेवढा लावला नाही. वरून येवोत न येवोत, सात तारीख चुकवायचा मला अधिकार नव्हता. अर्थशास्त्राच्या हिशोबानं दंड आधी मला बसतो.

परवा बायकोच्या बांगड्या ठेवून त्याचा आणि बाकीच्यांचा पुढच्या महिन्याचा पगार बाजूला काढून ठेवलाय. कंपनीला मेल टाकलाय, बिल नंबर, डिलिव्हरीची तारीख, पंचेचाळीसावा दिवस आणि आजपर्यंतचं व्याज, सगळं लिहून. सीएला समाधानचा अर्ज भरून ठेवायला सांगितलाय. पाठवायचा की नाही, ते पंधरा तारखेला ठरवणार.

मेलला अजून उत्तर नाही. त्यांच्याकडून काल आलेला मेल पुढच्या कार्यक्रमाचा होता. या वेळी विदुरनीती आहे.