अर्धांगवायू : गाठ अंतराशी आणि घड्याळाशी

बोलता बोलता जीभ अडखळते, हातातला पेला निसटतो, चेहऱ्याची एक बाजू ओघळते. आणि तासाभरात सारे पूर्ववत होते. 'अंगावरून वारे गेले' म्हणत घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात तो मोठ्या झटक्याचा पूर्वइशारा असतो.

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्या मानेतून वर जातात. त्यांत चरबीचे थर साचणे हे अर्धांगवायूचे परिचित कारण. क्वचित मात्र दुखापत, जंतुसंसर्ग किंवा अन्य विकाराने धमनीची भिंत कमकुवत होऊन तिला फुगा येतो. मानेतला हा फुगा फुटण्यापेक्षा त्यात साकळणाऱ्या गुठळ्यांचा धोका मोठा; त्यातली एखादी सुटून मेंदूत अडकली की झटका येतो. लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८०८ मध्ये अशी धमनी बांधून रुग्ण वाचविला होता. आज फुगा काढून तेथे शिरेचा तुकडा वा कृत्रिम नळी जोडता येते. काही रुग्णांत धमनीच्या आतूनच आवरणयुक्त स्टेंट बसविता येतो. म्हणूनच मानेत ठोके देणारी गाठ जाणवल्यास ती चोळू नये. तत्काळ तपासून घ्यावी.

झटका आल्यावर मात्र सारा खेळ घड्याळाचा. गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही मेंदूत रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनने खात्री झाल्यावरच. मोठ्या धमनीतील गुठळी नळीद्वारे काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाढली असली, तरी प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरतच असतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगराळ गावातून जिल्ह्याचे ठिकाण १०० किलोमीटरहून दूर आहे. २०१४ पासून '१०८' रुग्णवाहिका धावते. २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णयही झाला. पैशाचा प्रश्न त्याने हलका होईल, अंतराचा नव्हे. रुग्ण प्रथम जिथे सीटी स्कॅन नाही अशा दवाखान्यात गेला, तर तिथेच मोलाचे तास सरतात.

जिल्हा विभाजनाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. नवे मुख्यालय कोठे, हा वाद मिटेल तेव्हा मिटो. तोवर कोणत्या तालुक्यातील रुग्ण थेट कोणत्या सज्ज रुग्णालयात न्यायचा, एवढे ठरवून ते गावोगावी सांगणे अशक्य नाही. वारे गेले म्हणून स्वस्थ बसण्याची सवय मोडणे, हे त्यातले पहिले पाऊल.