चाकांतील हवा

नोव्हेंबरची २४ तारीख उजाडली की जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांच्या नोव्हेन्याला आरंभ होतो आणि ३ डिसेंबरच्या सणापर्यंत बेळगाव-खानापूरकडील कितीतरी कुटुंबे घाट उतरून तिकडे जातात. पूर्वी ही मंडळी आगगाडीने वा बसने जात. आता पुष्कळांच्या दारी स्वतःची किंवा भावकीतली मोटार उभी असते. आजी पुढे बसते, मुले मागे दाटीवाटीने बसतात, डिकीत शिधा व अंथरुणे कोंबली जातात. निघण्यापूर्वी तेलपाणी पाहिले जाते, पेट्रोल भरले जाते, समोरची संत ख्रिस्तोफरची तसबीरही पुसली जाते. चाकांच्या वाट्याला मात्र फार तर एक लाथ येते. टायर कडक लागला, म्हणजे हवा ठीक आहे, असा निर्वाळा देऊन गाडी चालू होते. ह्या लाथेविषयीच आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मोटारीचा भार रबर उचलते अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो उचलते आतील हवा. माणसांसह गाडीचे वजन १२०० किलो धरले, तर एकेका चाकावर सुमारे ३०० किलो, म्हणजे ६६० पौंड भार येतो. चाकात दर चौरस इंचास ३३ पौंड दाबाची हवा असेल, तर तो भार तोलण्यास सुमारे २० चौरस इंच जागा रस्त्याला टेकावी लागते. ही जागा जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढी झाली. अशा चार पोस्टकार्डांवर आपले सारे कुटुंब घाट उतरत असते! वळण घेणे, ब्रेक लागणे, ओल्या रस्त्यावर गाडी ताब्यात राहणे, हे सर्व तेवढ्याच जागेवर अवलंबून आहे.

आता हवा २५ पौंडांवर उतरली असे समजू. तोच भार तोलण्यास टायर अधिक पसरतो, त्याच्या बाजू दबतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या वाकतात व पुन्हा सरळ होतात. लहान गाडीचे चाक एका किलोमीटरात पाचशेहून अधिक वेळा फिरते. तार पुनःपुन्हा वाकविली असता जशी तापते, तसाच टायरही तापतो. त्यात भर उन्हाची वेळ, जड गाडी आणि वेग ह्यांची भर पडली म्हणजे आतील थर सुटू लागतात व टायर फुटतो. बाहेरून तो तोपर्यंत धडधाकट दिसत असतो, आणि सात-आठ पौंडांची तूट लाथेला कळत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, मग चार पौंड जास्तच भरलेले बरे. तेही योग्य नव्हे. हवा अधिक झाली की टायर मध्यभागी फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, ओल्या जागी घसरतो आणि खड्ड्यात आपटला असता त्याला इजा होते. घासलेला टायर ह्या दोन्ही चुका स्वतःच सांगतो: दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मध्य झिजला असेल तर अधिक झाली.

मग योग्य आकडा कोणता? तो शेजाऱ्यास किंवा पंक्चरवाल्यास विचारण्याचे कारण नाही. चालकाचे दार उघडले असता खांबावर एक लहान कागद चिकटविलेला आढळतो. नसल्यास गाडीच्या पुस्तिकेत तो आकडा असतो. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत तेथे दोन आकडे दिलेले असतात, एक थोड्या माणसांसाठी व दुसरा पूर्ण भारासाठी. सणाच्या प्रवासाला दुसरा आकडा लागू. तथापि पाचांच्या गाडीत आठ जण बसविणे कोणत्याही आकड्याने सुरक्षित होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. टायरच्या अंगावर जो सर्वाधिक दाब छापलेला असतो ती केवळ मर्यादा आहे. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नव्हे.

हवा पाहावयाची ती चाके थंड असताना, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी किंवा जवळच्याच पंपावर. प्रवासात चाके तापून दाब काही पौंडांनी वाढतो. तो पाहून हवा सोडू नये, नाहीतर चाके निवल्यावर ती कमी भरेल. उष्णतामान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पौंडाने घटतो. म्हणून थंडीच्या आरंभी तपासणी विशेष अगत्याची. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी पौंडभर हवा आपोआप जाते. यास्तव महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी हवा पाहावी. एक लहानसे गेज घरी ठेवल्यास उत्तम. स्टेपनी विसरू नये. अडचणीच्या वेळी तीच बसलेली निघते.

टायर विकत घेण्याचा प्रसंग आला असता जुन्या टायरवरील अक्षरे उतरवून न्यावीत. समजा, ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असे लिहिले आहे. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८०. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८५ हा भाराचा संकेत असून त्याचा अर्थ ५१५ किलो, आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. माप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे आणि भार व वेगाचे संकेत खालचे नसावेत. स्वस्त मिळाला म्हणून कमी भाराचा टायर घेणे म्हणजे पैसे देऊन धोका घरी आणणे होय.

टायरवर चार अंकांत जन्मतिथीही असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते व त्याला भेगा पडतात. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांपुढे तो मुळीच वापरू नये. बाजारात काळे पॉलिश लावून मांडलेल्या जुन्या टायरांचे हे अंक आधी वाचावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर बाद ठरतो. खाचांच्या तळाशी त्यासाठी लहान उंचवटे ठेवलेले असतात. पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्यांनी तेवढी वाट पाहू नये, कारण रस्त्यावरचे पाणी ह्याच खाचांतून बाहेर पडते.

पैशांअभावी चारांऐवजी दोनच नवे टायर घेणे झाले, तर ते मागच्या चाकांना लावावेत. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. ओल्या वळणावर मागची घसरली तर गाडी गरकन फिरते व निष्णात चालकाचाही इलाज चालत नाही.

ह्या साऱ्यास वेळ किती लागतो? चार चाके व स्टेपनी पाहण्यास दहा मिनिटे. पेट्रोलपंपावर हवेला सहसा पैसेही पडत नाहीत. संतांच्या आश्रयाची याचना करून प्रवासास निघणे आपणांस शोभतेच. परंतु जी काळजी आपल्या हाती सोपविली आहे ती संतांवर ढकलणे शोभत नाही. सणाच्या आदल्या सकाळी घरातील थोरल्या मुलाच्या हाती गेज द्यावे आणि पाचही आकडे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावेत. पुढे तो स्वतः गाडी चालवू लागेल, तेव्हा चाकाला लाथ मारण्याची त्याला गरज पडणार नाही.