अंगणवाडी ‘तात्पुरती’ हलवली: कुठे, किती दिवस आणि मुलांच्या आहाराचे काय?

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना शाळा आणि मुलांच्या वापरातील इतर वास्तूंची सुरक्षा तपासणी करण्यास सांगितले. तपासणी मनापासून झाली, तर काही इमारती अयोग्य ठरणारच आणि त्यांत अंगणवाड्याही असणार. मुलांना तेथून लगेच हलवावे, याबद्दल दुमत नाही. आपल्या वस्तीवर अशी वेळ आली, तर हलवल्यानंतरचे प्रश्न मात्र आपणच विचारायला हवेत.

मुलाचा हक्क इमारतीशी बांधलेला नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ५ नुसार ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीमार्फत वयानुरूप आहार मोफत मिळायला हवा. खोलीला कुलूप लागले म्हणून हा हक्क संपत नाही. कोविडच्या काळात केंद्रे बंद असतानाही अनेक ठिकाणी शिधा घरपोच दिला गेला, हे आपल्याला आठवत असेल. आहार मिळालाच नाही, तर कलम ८ मध्ये राज्य शासनाकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद आहे. कलम ४४ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ आणि भूकंप यांचा अपवाद केला आहे. गळके छप्पर किंवा तडे गेलेली भिंत त्या यादीत नाही.

आता जागेविषयी. जवळच्या प्राथमिक शाळेतील रिकामी खोली हा पर्याय बहुधा सर्वात आधी सुचतो. अंगणवाड्या शाळेच्या आवारात आणण्याबाबत महिला व बालविकास आणि शिक्षण या दोन्ही मंत्रालयांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत. पर्याय चांगला आहे. पण शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला किंवा रहदारीच्या रस्त्यापलीकडे असेल, तर तीन वर्षांचे मूल तिथे एकटे जाणार नाही. त्याला आजी किंवा थोरली बहीण कडेवर घेऊन जाते. घरी नेण्याचा आहार आणायला आई अधूनमधून लांबवर जाऊ शकेल, परंतु सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार घेणाऱ्या ३ ते ६ वयोगटातील मुलांना रोज जावे लागते. त्यामुळे अंतर वाढले की आधी हीच मुले गळतात, आणि त्यांतही टोकाच्या पाड्यावरची. जागा ठरवताना पहिला विचार त्यांचा व्हावा, असे आम्हाला वाटते.

प्रत्येक अंगणवाडीत स्वयंपाकाची सोय, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे, असेही कलम ५ सांगते. जागा तात्पुरती असली तरी ही गरज तात्पुरती नाही. समाजमंदिराची खोली प्रशस्त असते, पण लग्नसराईत ती कितपत मोकळी राहील ते आधीच विचारून घ्या. सेविकेच्या घरी केंद्र भरत असेल, तर वजनकाटा, धान्य आणि नोंदवह्या कुठे ठेवल्या आहेत तेही पाहा. भाड्याच्या जागेसाठी योजनेत तरतूद आहे. तिचे दर ग्रामीण-आदिवासी, शहरी आणि महानगरी भागांसाठी वेगवेगळे आहेत.

राहिला मुदतीचा प्रश्न. शासकीय कागदांचे मराठी भाषांतर करताना ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द आमच्यासमोर वारंवार येतात. त्यांच्यापुढे तारीख क्वचितच असते. किरकोळ दुरुस्ती असेल तर ती लवकर आटोपू शकते. नवीन इमारतीचे गणित वेगळे असते. ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ मध्ये एका इमारतीसाठी १२ लाख रुपये धरण्यात आले. त्यांपैकी ८ लाख मनरेगातून, २ लाख १५ व्या वित्त आयोगाच्या किंवा अन्य निधीतून आणि उरलेले २ लाख महिला व बालविकास विभागाच्या वाट्यातून, जो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. निधी तीन ठिकाणांहून येणार म्हटल्यावर मंजुऱ्याही तितक्याच लागतात आणि एक अडली की काम थांबते. दरम्यान तीन वर्षांचे मूल पाच वर्षांचे होते! म्हणून दुरुस्ती होणार की नवे बांधकाम, निधी कुठे अडला आहे आणि पुढचा आढावा कोणत्या तारखेला, हे लेखी मागा.

हे प्रश्न सेविकेला विचारून तिला अडचणीत आणू नका. इमारत दुरुस्त करणे तिच्या हातात नसते. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या आणि प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला. आपण बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहत असलात, तरी प्रकल्प अधिकाऱ्याचे हे पद तेथेही आहे. आहार बंद पडला असेल, तर कलम १५ नुसार नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पोषण हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. अर्जात जुन्या आणि नव्या जागेतील अंतर, आधी येणाऱ्या आणि आता येणाऱ्या मुलांची संख्या, आणि गरम आहार कोणत्या तारखेपासून मिळालेला नाही, एवढे तरी जरूर लिहा.