लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही!

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात शाळेत जाणारं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या राज्य मंडळाच्या बारावी फिजिक्सच्या पेपरवर सूचना छापलेली असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. याच नवी मुंबईत आयबी बोर्डाच्या शाळाही आहेत. तिथल्या मुलांना गणिताच्या काही पेपरना ग्राफिंग कॅल्क्युलेटर सोबत न्यावाच लागतो. शहर एक, रेल्वे लाईन एक, वय एक. एकाच्या हातात लॉग टेबल, दुसऱ्याच्या हातात दहा हजारांच्या पुढचं यंत्र.

आता कोणी म्हणेल, "म्हणजे सगळ्यांना ते यंत्र द्या म्हणताय का?" अजिबात नाही. मुद्दा वेगळाच आहे.

ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे आकडे दिले की आलेख काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर. कॅसिओने पहिला आणला १९८५ मध्ये. परदेशातल्या शाळांनी पुढे त्याचा एक चांगला उपयोग केला: त्याला तापमान मोजणारी उपकरणं जोडली. मापं थेट यंत्रात, आलेख डोळ्यांसमोर. आज हेच काम अर्डुइनोसारखा बोर्ड करतो. तो २००५ मध्ये इटलीत जन्मला, आणि त्याची साधी नक्कल लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळते.

जुन्या टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटरला वरच्या कडेला एक बारीक भोक असतं, अडीच मिलिमीटरच्या हेडफोनच्या पिनेचं. तिथून तीन तारा निघतात. एक ग्राउंडची, दोन बोलण्याच्या. या दोन्ही तारांवर एरवी व्होल्टेज असतं. शून्य पाठवायचा तर पाठवणारा एक तार खाली ओढतो, एक पाठवायचा तर दुसरी. मग ऐकणारा उरलेली तार खाली ओढून सांगतो, "मिळालं." ते कळल्यावर पाठवणारा आपली तार सोडतो, मग ऐकणारा सोडतो, आणि त्यानंतरच पुढचा आकडा. एका अक्षरासाठी हे आठ वेळा. यात घड्याळ नाही, घाई नाही. एक यंत्र वेगवान आणि दुसरं मंद असलं तरी काही हरवत नाही, कारण समोरच्याने "मिळालं" म्हटल्याशिवाय कोणी पुढे जातच नाही.

आपल्या शिक्षणात नेमकी हीच पोचपावती नाही. वरून पाठवलं जातं. खाली मिळालं का, हे कोणी विचारत नाही.

उदाहरण घ्या. नीती आयोगाने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख उभारणीला, १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला. देशात अशा दहा हजारांच्या आसपास लॅब झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजारांची घोषणा झाली. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण बातमीच्या निमित्ताने शाळांमध्ये जातो तेव्हा काय दिसतं? भिंतीवर रंगीत फलक, कपाटात बोर्ड, कपाटाला कुलूप. चावी ज्या सरांकडे, ते निवडणुकीच्या कामावर. पाहुणे आले की उघडतं.

यात सरांना दोष देऊन भागणार नाही. पालकच विचारतात, "याला मार्क किती?" उत्तर "शून्य" असेल तर कपाट उघडणार कशाला?

म्हणून मागणी साधी आहे. बारावी फिजिक्सला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेतच. त्यातला एक प्रयोग मुलांनी स्वतः मोजलेल्या आकड्यांवर असू द्या. न्यूटनचा शीतकरणाचा नियम अकरावीच्या पुस्तकात आहे. कटिंग चहाच्या ग्लासात शे-दीडशे रुपयांचा, पाण्यात बुडणारा सेन्सर टाका. बोर्ड दर दहा सेकंदाला तापमान नोंदवेल. ते आकडे कॅल्क्युलेटरमध्ये घ्या, मोबाईलवर घ्या, नाहीतर वहीत उतरवा. चहा आणि खोली यांच्या तापमानातला फरक काढून त्याचा लॉग घेतला की वाकडा आलेख जवळपास सरळ रेषेत येतो. ज्या लॉग टेबलला पोरं घाबरतात ते कशासाठी आहे, हे त्या दिवशी कळेल!

"यंत्रं दिली तर पोरांची आकडेमोड जाईल" ही भीती खोटी नाही. पाढे पाठ हवेतच. लेखी पेपरला कॅल्क्युलेटर नको तर नको, माझी तक्रार नाही. पण मोजणं आणि आकडेमोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडेमोड आपण शिकवतो. मोजायला शिकवतच नाही.

आणि मोजण्यासारखं आपल्याकडे कमी आहे का? बेलापूर ते दिघा एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचा पट्टा. दुपारी तीनला स्टेशनबाहेरच्या काँक्रीटवर किती तापमान असतं आणि खारफुटीजवळ किती? पत्र्याच्या वर्गात किती? हे मुलांनी महिनाभर मोजून शाळेच्या फळ्यावर लिहिलं, तर नगरसेवकालाही थांबून वाचावं लागेल. आकडा समोर असला की "बघू, करू" म्हणणं अवघड जातं.

पुढच्या पालकसभेत फीचं बोलून झालं की तीनच प्रश्न विचारा. लॅबचं वेळापत्रक कुठे लावलंय? चावी कोणाकडे आहे? या महिन्यात मुलांनी काय मोजलं?

काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, उत्तर तेवढं द्या.