सरासरीच्या पदराआड

वैशाखातल्या भर दुपारी आकाश निरभ्र दिसते, तेवढ्यावरून हवा शुद्ध आहे असे मानणाऱ्या शासनाला डोळे आहेत, दृष्टी नाही. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे, पेट्रोल, रंग व थिनर यांतून उडणारी वाफ आणि वर तळपणारा सूर्य, यांच्या संगनमतातून त्याच निरभ्र आकाशाखाली, जमिनीलगत, ओझोन निपजत असतो. तो कोणत्याही धुराड्यातून निघत नाही. श्वासनलिका मात्र पोळून काढतो. लॉस एंजलिसच्या धुरक्याचे हे रहस्य शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास उलगडले; आमचे राज्यकर्ते अजून धूळच मोजत बसले आहेत!

कागदावर सारे यथासांग आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनी ओझोनला आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासासाठी १८० ची मर्यादा घातली. पण २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा डांगोरा पिटला गेला, तेव्हा लक्ष्य ठरले ते धूलिकण घटवण्याचे. ओझोनसाठी लक्ष्यच नाही. मग महापालिका टँकर लावून रस्ते धुते, पदाधिकारी छायाचित्रे काढून घेतात आणि पाण्याच्या फवाऱ्याला न जुमानणारा हा वायू दुपारी दोन वाजता चौकाबाहेरच्या वस्तीत शिरतो.

चौकाबाहेरच्या, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. गर्दीच्या चौकात वाहनांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गिळतो, म्हणून तिथल्या यंत्रावर आकडा सौम्य दिसतो. वाऱ्याच्या दिशेने पुढे गेलेल्या उपनगरात आणि शिवारात, जिथे यंत्रच नाही, तिथे तो चढतो. रात्रीचे नीचांक मिसळून चोवीस तासांची सरासरी काढली की दुपारचे शिखर भुईसपाट! ऊन, तापमान आणि वारा यांचा प्रभाव वेगळा काढणारे सांख्यिकी प्रारूप वापरले नाही, तर एखाद्या ढगाळ आठवड्याचे श्रेयही प्रशासन निर्लज्जपणे आपल्या खाती जमा करील. २०२० च्या टाळेबंदीत वाहने थांबली आणि तरीही अनेक शहरांत ओझोन वाढला. ओझोन घडवणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांना घटवून वाफांना मोकळे सोडले की हे असे होते, आणि कोणत्या शहरात आधी कशाला हात घालायचा हे फवारा मारून नव्हे, गणित मांडूनच कळते.

ते गणित परदेशातून आणायचे आहे काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ सालच्या ओझोनाने देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडवला, असा अंदाज प्रारूपाच्या आधारे मांडला होता. दारिद्र्यरेषेखालील नऊ कोटींहून अधिक लोकांना पुरले असते इतके हे धान्य. शहराने धूर ओकावा, शेतकऱ्याच्या गव्हाने तो सोसावा आणि उतारा घटला की खापर बियाण्यावर फुटावे! अवकाळीचा निदान पंचनामा तरी होतो. या नासाडीला सातबाऱ्यावरही जागा नाही.

प्रत्येक केंद्राची तासागणिक मोजणी जशीच्या तशी जाहीर करा. यंत्रे शहराच्या वेशीबाहेर आणि गावशिवारात बसवा. उन्हाळ्यात ओझोनचा अंदाज आदल्या संध्याकाळी शाळांना आणि उन्हात राबणाऱ्या मजुरांच्या मुकादमांना कळवा. राष्ट्रीय कार्यक्रमात ओझोनचे लक्ष्य घाला, आणि ते चुकेल त्या शहराचा निधी रोखा.

तोवर टँकरची मिरवणूक बंद करा.